चारशे बारा एकेकटे बूट

आमच्या ऑफिसात तिला सगळे कलमताई म्हणायचे. नाव टिंगलीत पडलं होतं, पण तिनं ते असं अंगाला लावून घेतलं की पुढे फोन उचलल्यावरसुद्धा ती "कलमताई बोलतेय" असंच म्हणायची.

परदेशातून बोटीनं आलेला माल कस्टम्सच्या तावडीतून सोडवून ज्याच्या त्याच्या हाती द्यायचा, हा आमच्या ऑफिसचा धंदा. दुसऱ्या मजल्यावर तीन खोल्या. खिडकीतून कंटेनरचं मैदान दिसायचं आणि दिवसभर क्रेनचा भोंगा कानात बसायचा. माल आला की त्याचे कागद आमच्याकडे येत. ते वाचून तो माल टॅरिफच्या जाडजूड पुस्तकात कुठल्या कलमाखाली बसतो ते ठरवायचं आणि फॉर्म भरायचा. कलम बदललं की शुल्क बदलतं, म्हणून सगळी मारामारी कलमावर. हे ठरवायचं काम सव्वीस वर्षं कलमताईकडे होतं. मी शेजारच्या टेबलावर, टायपिंग आणि फायलींना.

तिला कुठल्याही वस्तूचं नाव सांगा, आकडा जिभेवर. एकदा ऑफिसातल्या एकाच्या लग्नात नवरीच्या गळ्यातला हार बघून तिच्या तोंडून "खोटे दागिने, एकाहत्तरावं प्रकरण" असं निघून गेलं, आणि नेमकं नवरीच्या मावशीनं ऐकलं. ती मावशी जेवण होईपर्यंत आमच्याकडे टवकारून बघत होती.

गंमत अशी, की एवढं सगळं पाठ असलेली ही बाई माल कधी बघायचीच नाही. माल खाली शेडमध्ये, ती वर टेबलावर. पंप, पडदे, दातांचं सिमेंट, घोड्यांची खोगिरं, सगळं तिनं कागदावर पाहिलेलं. "बघायचं काय त्यात? वर्णन आहे ना लिहिलेलं," म्हणायची.

एका सोमवारी बुटांचे कागद आले. चारशे बारा बूट. तिनं फॉर्ममध्ये 'चारशे बारा नग' असं भरलं आणि कॉम्प्युटरनं ते परत तोंडावर फेकलं. पादत्राणांसाठी एकक फक्त 'जोडी' होतं.

"दोनशे सहा लिही आणि पुढे चल," आमचे मालक दारातूनच म्हणाले. मालक माणूस वाईट नव्हता. त्यांना फक्त कुठलीही गोष्ट दोन दिवसांपेक्षा जास्त टेबलावर दिसली की पित्त व्हायचं.

"जोड्याच नाहीत तर दोनशे सहा कुठून आणू?" ती म्हणाली. "दोनशे सत्तेचाळीस डावे आहेत. एकशे पासष्ट उजवे."

"असं कुठं असतं होय?"

"यादीत तसंच आहे."

तिनं फॉर्मला एक साधं पत्र जोडलं: माल जोडीनं नाही, एकेकटा आहे, सबब नगात मोजावा. खाली सही केली. तिला वाटलं प्रश्न मिटला. झालं उलटंच. त्या पत्रानंच कस्टम्सचे कान टवकारले.

दुसऱ्याच दिवशी तपासणी अधिकारी स्वतः वर आले. चाळिशीचे, चष्मा सतत नाकावर सारणारे, कामाला चोख. त्यांना आम्ही आपसात चष्मेवाले साहेब म्हणायचो.

"बाकीचे उजवे कुठल्या बंदरात उतरवलेत?" त्यांनी उभ्या उभ्याच विचारलं.

कलमताईला ती चाल माहीत होती. बुटांच्या धंद्यातली जुनी लबाडी आहे. डावे एका बंदरात मागवायचे, उजवे दुसऱ्या. शुल्क भरायचंच नाही. माल पडून राहिला की लिलाव होतो, आणि नुसते डावे बूट कोण घेणार? मग मागवणाराच कवडीमोलानं दोन्हीकडचे उचलतो आणि घरी जोड्या लावतो.

"साहेब, तसं करायचं असतं तर मी पत्र लिहून तुम्हाला सांगितलं असतं का?"

"हुशार माणूस हेच करतो," साहेब म्हणाले आणि माल अडकवून निघून गेले.

माल ज्यांचा होता त्या बाई दोन दिवसांनी ऑफिसात आल्या. एका इस्पितळाच्या प्लास्टरच्या खोलीत त्यांनी अठरा वर्षं नोकरी केली होती, म्हणून सगळे त्यांना सिस्टर म्हणत. नोकरी सोडून त्यांनी इस्पितळाच्या मागच्या गल्लीत बुटांचं दुकान काढलं होतं. मोठ्या पोत्यासारखी पिशवी, रुंद मनगटं, आवाज असा की पलीकडच्या खोलीतल्यानं मान वर करावी.

"एक बूट विकते मी," त्या म्हणाल्या. "ज्याला एकच पाय आहे त्यानं दोन बूट घेऊन एक फेकायचा का? ज्याच्या एका पायाला आधाराची पट्टी आहे त्याला त्या पायाचा बूट दोन नंबर मोठा लागतो. म्हणजे त्यानं दोन जोड्या घ्यायच्या. आयुष्यभर हेच करत आलेत ते. डाव्यांना मागणी जास्त आली, म्हणून डावे जास्त."

"गिऱ्हाइकांची यादी देता येईल? पत्त्यांसकट? काम सोपं होईल."

"नाही."

"अहो पण..."

"माणसं माझ्याकडे विश्वासानं पाय उघडा करतात. त्यांची नावं सरकारी फायलीत जाणार नाहीत. दुसरं काय हवं ते मागा."

कलमताईला नकार ऐकायची सवय नव्हती, निदान गिऱ्हाइकाकडून तरी. पण तिनं पुन्हा विचारलं नाही. फक्त म्हणाली, "मग मला दुकान बघू द्या." मी तिच्याकडे बघतच राहिले. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा ती कागद सोडून वस्तू बघायला निघाली होती.

मीही गेले तिच्याबरोबर. दुकान म्हणजे एक लांबट खोली. पायरीवर जुन्या दाराची फळी टाकून उतार केलेला. आरसा भिंतीवर नव्हता, जमिनीला टेकवून आडवा ठेवला होता, बसल्या बसल्या पाय दिसावा म्हणून. कपाटांत बूट एकेकटे, नाकं बाहेर काढून.

सिस्टरांनी कारखान्याकडून आलेल्या नमुन्यांतला एक बूट कलमताईच्या हातात दिला. टाचेच्या मागून तळापर्यंत चेन होती. ओढली की बुटाची पाठ दारासारखी उघडायची. पाय वरून कोंबायचा नाही, मागून सरकवायचा. आतून बूट विहिरीसारखा खोल होता.

"पायाला कडक पट्टी असली की घोटा वाकत नाही," सिस्टर म्हणाल्या. "न वाकणारा पाय साध्या बुटात घालून बघा एकदा."

बाकावर एक माणूस बसला होता, फरशा बसवणारा. परांचीवरून पडून त्याच्या डाव्या पायातलं बळ गेलं होतं. पोटरीपासून बोटांपर्यंत प्लास्टिकची पट्टी होती. त्यानं घरचा बूट मागून सुरीनं कापला होता आणि सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून तो पायाला बांधला होता. ट्यूब जिथं घासत होती तिथं मोज्याला डाग पडलेला.

"आठवडा झाला सांगतायत, बूट आलाय, बंदरात आहे," तो आम्हाला म्हणाला. "बंदरात काय पोहायला शिकतोय का?"

सिस्टर हसल्या. मीही हसले. कलमताई हसली नाही. ती तो बूट उलटा करून तळाशी छापलेलं कारखान्याचं नाव वाचत होती.

ऑफिसात आल्याबरोबर ती माळ्याकडे वळली. स्टूल घेतलं, माळ्यावरच्या जुन्या फायली काढल्या, धुळीनं तिचे केस पांढरे झाले. पाच वाजायला आले तेव्हा तिनं एक फाइल माझ्यासमोर ठेवली. एका वयस्क गृहस्थांची. स्टेशनजवळ त्यांचं दुकान होतं, ते आमच्याकडून नऊ वर्षं माल सोडवून घेत. मग दुकान बंद झालं. मला ते अंधुक आठवत होते. कागद आणायला स्वतः यायचे आणि छत्री विसरायचे.

"कारखाना वाच," ती म्हणाली.

तोच कारखाना. वर्णन, 'पादत्राणे, मागे चेन'. कलम, साध्या बुटांचं. शुल्क पूर्ण. प्रत्येक फॉर्मखाली कलमताईची सही.

"कागदावर 'मागे चेन' लिहिलेलं होतं गं," ती म्हणाली. "मी एकदाही विचारलं नाही, बुटाला मागे चेन कशाला."

त्या संध्याकाळी ती काय ठरवून घरी गेली ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. सकाळी तिच्या टेबलावर टॅरिफचे तिन्ही खंड उघडे होते आणि ती आकडे न सांगता वाचत होती, शब्दन् शब्द, बोट ठेवून.

दरम्यान चष्मेवाल्या साहेबांचं सगळ्या बंदरांना विचारून झालं होतं. कुठंही अनाथ उजवे बूट सापडले नाहीत. लबाडीचा संशय गेला. पण कलमाचा निकाल त्यांनी विरुद्ध दिला: हे साधे बूट. पूर्ण शुल्क. ते भरलं तर बुटाची किंमत दीडपटीवर जाणार होती, म्हणजे फरशीवाल्याच्या आवाक्याबाहेर.

मालक म्हणाले, "झालं ते बरं झालं. त्या बाईंना म्हणावं, भरा आणि माल न्या."

"अपील करायचं आहे," कलमताई म्हणाली.

"कशाच्या जोरावर? तू स्वतः सांग, ऑर्थोपेडिक बुटाच्या कलमात बसतो का हा माल?"

"नाही बसत."

"मग?"

"त्या कलमात साहेब बरोबर आहेत. तिथं लिहिलंय, बूट एक तर पायाच्या मापानं शिवलेला हवा, नाही तर सुटा आणि दोन्ही पायांना सारखाच बसणारा. आपले सुटे आहेत, पण डावा तो डावा. मी तिथं भांडणारच नाही. सवलतींच्या यादीत वेगळं कलम आहे. 'अपंग व्यक्तींच्या वापरासाठी खास बनवलेल्या वस्तू, मग त्या कुठल्याही प्रकरणातल्या असोत.' ते कलम आपल्याकडे कुणी कधी लावलंच नाही. मीसुद्धा नाही."

मालकांनी खुर्ची मागे सारली. त्यांनी जुनी फाइल पाहिली होती. "ताई, तू जर हे अपील केलंस तर ते तुझेच जुने फॉर्म काढतील. हात दाखवून अवलक्षण कशाला? कस्टम्सचे फॉर्म भरायचा तुझा पास जाईल. ऑफिसच्या नावानं मी हे करू देणार नाही."

"नका देऊ. रजा टाकते. सिस्टरांच्या नावानं उभी राहीन."

"सुंभ जळाला तरी पीळ जात नाही," मालक माझ्याकडे बघून म्हणाले. रजेच्या अर्जावर सही मात्र केली.

सिस्टरांना तिनं जुनी फाइल स्वतः नेऊन दाखवली. म्हणाली, "हे माझं काम. हे बाहेर आलं तर तुमची बाजू पडेल. दुसरा कुणी घ्या, मी त्याला सगळं तयार करून देते."

सिस्टरांनी फाइल चाळली, मिटली. "प्लास्टर वाकडं बसलं तर आम्ही ते कापतो आणि परत घालतो. खोली सोडून पळत नाही. तारीख कधी आहे?"

तारीख सात आठवड्यांनी मिळाली. तेवढ्या काळात तिनं अक्षरशः जोडे झिजवले. अपिलाच्या कचेरीत, छापखान्यात, इस्पितळात पट्टी बनवणाऱ्या तंत्रज्ञाकडे. सिस्टरांच्या विक्रीच्या वहीतली नावं काळ्या कागदाखाली झाकून तिनं फक्त रकाने छापून घेतले: डावा, उजवा, नंबर, पट्टी आहे की कृत्रिम पाय.

तिच्या घरी दोन खोल्या, तिचे मिस्टर आणि एक्याऐंशी वर्षांच्या सासूबाई. सासूबाई खाटेवरून फारशा उठत नसत, पण घरातल्या प्रत्येक गोष्टीवर त्यांचा निकाल तयार असे. जेवणाच्या टेबलावर कागद, कागदांत बूट, हे बघून त्या मला म्हणाल्या, "पायातली वहाण पायात बरी म्हणतात. आमच्याकडे ती ताटाशेजारी बसते. आणि काय गं, माणसाचे पाय किती ते मोजायला सरकार कशाला लागतं?"

"सासूबाई, तुम्हीच या माझ्याबरोबर बोलायला," कलमताई म्हणाली.

"येते की. उचलून न्या."

मिस्टर कमी बोलणारे. एका कारखान्यात लेथवर होते. त्यांनी एक दिवस सिस्टरांकडचा नमुन्याचा बूट आणि स्वतःचा जुना बूट पिशवीत घातला आणि कारखान्यात नेला. संध्याकाळी दोन्ही बूट उभे कापून आणले, पाव कापावा तसे, नाकापासून टाचेपर्यंत. साध्या बुटाचा आतला तळ कुठं आहे आणि याचा कुठं, ते एका नजरेत दिसत होतं. दीड बोट खोल. टाचेला आधार देणारा कडक तुकडा साध्या बुटात होता, यात नव्हताच, कारण तो आधार पट्टी देते.

"अहो, हा तुमचा चांगला बूट होता ना?" कलमताईनं विचारलं.

"होता," ते म्हणाले आणि हात धुवायला गेले.

सुनावणी एका लांब टेबलाच्या खोलीत झाली. अपिलाच्या अधिकारी म्हणजे एक किडकिडीत बाई, निवृत्तीला आलेल्या, टाचण्या रांगेत लावत ऐकणाऱ्या. एका बाजूला चष्मेवाले साहेब. दुसऱ्या बाजूला कलमताई आणि सिस्टर. मी मागच्या खुर्चीवर, फायली मांडीवर घेऊन.

कलमताईनं कापलेले बूट टेबलावर ठेवले आणि एकेक गोष्ट बोटानं दाखवत गेली.

चष्मेवाले साहेब शांतपणे म्हणाले, "चेन तर हल्ली कशालाही असते. खोल बूट सुजलेल्या पायाचा माणूसही घेईल, आळशी माणूसही घेईल. खास अपंगांसाठी, असं कशावरून? मी उद्या हा घालून बाजारात जाऊ शकतो."

अधिकारी बाईंनी टाचणी खाली ठेवली. "मग घालून बघा ना. इथल्या इथं."

सिस्टरांच्या पिशवीतून नऊ नंबरचा डावा निघाला. साहेबांनी आपला बूट काढला, तो चढवला, चेन लावली, फीत ओढून बांधली. उठले. पहिल्या पावलाला टाच वर आली आणि बूट खालीच राहिला. दुसऱ्या पावलाला त्यांनी बोटांनी तो धरून ठेवायचा प्रयत्न केला. तिसऱ्याला पाय आत आडवा झाला आणि ते कपाटाला धरून उभे राहिले. दारापर्यंत जाऊन येईतो त्यांच्या कपाळावर घाम आला. अधिकारी बाई हसल्या नाहीत, पण टाचण्यांची रांग मोडली होती.

"अवघड आहे," साहेब स्वतःच म्हणाले आणि थोडेसे हसले. भला माणूस.

पण भला असला तरी कामाला चोख. बसल्यावर त्यांनी आपल्या फायलीतून एक गठ्ठा काढला. "मॅडम, हे बघावं. याच कारखान्याचे हेच बूट नऊ वर्षं या देशात आलेत. साधे बूट म्हणून. शुल्क भरून. आणि ते कलम ठरवणाऱ्या व्यक्ती आज इथंच बसल्या आहेत. तेव्हा ते साधे होते, आज खास झाले, ते कसे?"

मी मांडीवरची जुनी फाइल मिटली.

कलमताई उठून उभी राहिली. उठायची गरज नव्हती.

"सही माझी आहे," ती म्हणाली. "सगळ्या फॉर्मवरची. आणि ते सगळे फॉर्म चुकीचे आहेत."

"म्हणजे तुम्ही नऊ वर्षं खोटी माहिती दिलीत?"

"खोटी नाही, चुकीची. मी माल बघितला नाही. वर्णन वाचलं आणि सवयीनं आकडा टाकला. बूट तेव्हाही हाच होता, साहेब. मी जे लिहिलं त्यानं तो साधा झाला नाही. माझ्या चुकीची शिक्षा मला करा. तिचा पुरावा करून या बाईंच्या बुटांवर लादू नका."

अधिकारी बाईंनी विचारलं, "हे नोंदवून घेऊ? यावरून तुमच्या पासवर कारवाई होऊ शकते, कल्पना आहे ना?"

"नोंदवा."

तिनं ते वाक्य लेखनिकाला पुन्हा एकदा सावकाश सांगितलं, मधे कुठं थांबायचं तेही. मग खाली बसली. सिस्टरांनी टेबलाखाली तिचा हात धरला तो सुनावणी संपेपर्यंत सोडला नाही. कलमताई नंतर म्हणाली, हाताला मुंग्या आल्या होत्या, पण सांगवेना.

निकाल तीन आठवड्यांनी आला. सगळं पदरात पडलं असं नाही. चारशे बाराही बूट सवलतीत बसले. त्यांच्याबरोबर खोक्यांतून आलेले, बुटात आत घालायचे साठ जादा तळ मात्र नाही. ते कुठल्याही बुटात चालतात म्हणून त्यांच्यावर शुल्क. कलमताई म्हणाली, "ते बरोबर आहे. मीही तसंच ठरवलं असतं." निकालात एक ओळ फॉर्मबद्दल होती, अशा मालासाठी 'नग' हे एकक उपलब्ध करावं.

दुसऱ्या लिफाफ्यात तिच्या पासचा निर्णय होता. दोन महिने निलंबन आणि लेखी ताकीद.

ते दोन महिने मालकांनी तिला माझ्या हाताखाली फायलिंगला बसवलं. सव्वीस वर्षं टॅरिफ पाठ असलेल्या बाईला वर्णानुक्रमानं फायली लावता येईनात. 'क्ष' कुठं जातो यावर आमचं रोज भांडण व्हायचं. फरशीवाला आपला बूट घालून एकदा जिना चढून वर आला, नुसता दाखवायला. मालकांनी त्याला बसायला खुर्ची दिली आणि तासभर ऑफिसातल्या उखडलेल्या फरशीबद्दल फुकटचा सल्ला घेतला.

पण तिच्या मनातून ते जुने गृहस्थ जात नव्हते. तिनं त्यांचा पत्ता शोधून काढला. आता ते मुलीच्या वह्या-पेनांच्या दुकानात बसत होते. आम्ही दोघी गेलो. तिनं गल्ल्यासमोर उभं राहून सगळं सांगितलं, एका दमात, काही न लपवता.

त्यांनी चष्मा काढून पुसला. "किती वर्षं म्हणालात?"

"नऊ."

"मला वाटायचं, मीच धंद्यात कच्चा." ते बराच वेळ काचेच्या गल्ल्यावरून फडकं फिरवत राहिले. "बायको म्हणायची, माल महाग पडतोय, कुठंतरी चुकतंय. मी तिच्यावर ओरडायचो. आता ती नाही." मग विचारलं, "ते शुल्क परत मिळतं का?"

"मुदत संपली. मी दोनदा विचारून आले."

"मग आलात कशाला?"

तेवढ्यात एक बाई खोडरबर मागायला आली, त्यांनी ते दिलं. आम्हाला बसा म्हणाले नाहीत. आम्ही पायरी उतरलो तेव्हा त्यांनी मागून हाक मारली.

"त्या बाईंना सांगा, कारखान्याला पत्र लिहिताना मापं हातानं नका लिहू, छापून पाठवा. त्यांना आपला सात एकासारखा दिसतो."

तिनं ते निरोपाच्या कागदावर तिथंच लिहून घेतलं. रस्त्यानं येताना ती रडली, पण चालायची थांबली नाही.

पास परत मिळाल्यावर तिनं मालकांकडे एकच मागणी केली. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी ती शेडमध्ये जाणार, माल बघणार, मग फॉर्म भरणार. मालकांनी कपाळाला हात लावला. तरी ती गेली. हेल्मेट डोक्यावर, हातात टॉर्च, पायात मिस्टरांनी आणलेले जाड तळाचे बूट. पहिल्या वर्षात तिनं बहिऱ्यांसाठीची थरथरणारी घड्याळं, एका हातानं भाजी चिरायचे पाट आणि वाकता न येणाऱ्यांसाठीचे लांब चिमटे, असे तीन प्रकार सवलतीच्या कलमाखाली नेले. चौथ्यात हरली. तो मालिश करायचा तक्क्या होता, कुणीही वापरावा असा, आणि चष्मेवाल्या साहेबांनी तो तिच्यासमोर पाठीला लावून दाखवला.

"हा चालतो की मला," साहेब म्हणाले.

"चालतोच," ती म्हणाली, फॉर्म फाडला आणि साधं कलम टाकून नवा भरायला घेतला.